बॉक्स फिनिश म्हणजे नेमकं काय? : प्रकल्प नोंदी

१५ सप्टेंबर २०२४, नोव्हाय, मिशिगन

बोलिंग लीगचा नवा हंगाम लागला. बॅगेत तीन बॉल आहेत. स्टॉर्मचा फेज टू, त्याच कंपनीचा हाय-रोड आणि एकटीदुकटी उरलेली पिन पाडण्यासाठी साधा पॉलिएस्टरचा. फेज टूच्या माहितीपत्रकात फिनिश दिलंय '३००० ग्रिट अ‍ॅब्रलॉन', हाय-रोडचं '१५०० ग्रिट पॉलिश्ड'. ग्रिट म्हणजे घासायच्या पॅडवरच्या कणांचा नंबर; आकडा जितका मोठा तितका कण बारीक. बॉल कारखान्यातून ज्या पृष्ठभागाने निघतो त्याला सगळे 'बॉक्स फिनिश' म्हणतात आणि बॉल विकत घेताना निम्मी चर्चा त्यावरच होते.

माझ्या नोकरीची पहिली वर्षं पिंपरी-चिंचवडला इंजिनाचे भाग तपासण्यात गेली. तिथल्या ड्रॉइंगवर पृष्ठभागाचा खडबडीतपणा मोजमापात लिहिलेला असायचा: आरए, म्हणजे सरासरी खडबडीतपणा, इतक्या मायक्रॉनच्या (मिलिमीटरच्या हजाराव्या भागांच्या) आत. 'अमुक नंबरच्या पेपरने घासा' एवढंच लिहिलेल्या ड्रॉइंगवर कोणी सही केली नसती. बोलिंगमध्ये मात्र नेमकं तेच चालतं. ३००० हा आकडा शेवटी कोणतं पॅड फिरवलं ते सांगतो. पॅड फिरवून पृष्ठभाग कसा झाला ते सांगत नाही. कृती आणि परिणाम यांच्यात किती अंतर आहे ते मला पाहायचं आहे. या नोंदी त्यासाठी.

१८ सप्टेंबर

आधी शब्दांची उकल. अ‍ॅब्रलॉन ही फिनलंडच्या मिर्का कंपनीची पॅड्स: मागे फोम, पुढे सिलिकॉन कार्बाइडचे कण. सियाएअर ही स्वित्झर्लंडच्या सिया कंपनीची, घडण साधारण तशीच. ब्रन्सविक घराण्यातल्या बऱ्याच बॉलच्या माहितीत '५०० सियाएअर, मग क्राउन फॅक्टरी कंपाउंड' अशी जोडी दिसते. कंपाउंड म्हणजे बारीक कण असलेली पॉलिशची पेस्ट. इथे मिशिगनातच बनणाऱ्या मोटिव्हच्या व्हेनम शॉकवर '४००० ग्रिट एलएसएस' असतं. म्हणजे प्रत्येक घराण्याची स्वतःची बोली आहे आणि एकाचा २००० दुसऱ्याच्या २००० शी जुळेलच असं नाही.

कणांचे आकार वहीत उतरवून ठेवले. युरोपीय 'पी' मापात पी५०० चा कण सरासरी ३०.२ मायक्रॉनचा, पी१००० चा १८.३ आणि पी२००० चा १०.३. आकडा दुप्पट झाला म्हणून कण निम्मा होत नाही. त्यात अमेरिकन माप वेगळं. इथल्या हार्डवेअरच्या दुकानात नुसता '६००' छापलेला पॉलिश पेपर मिळतो तो युरोपीय पी१२०० च्या जवळ जातो. पॅड संपलं म्हणून घरातला पॉलिश पेपर वापरणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

२२ सप्टेंबर

आज नुसतं गणित केलं, आणि सगळा प्रकल्प या गणितावर उभा राहील असं वाटतंय.

लेन फाउल लाइनपासून, म्हणजे जिच्यामागून बॉल सोडतात त्या रेघेपासून, पहिल्या पिनपर्यंत ६० फूट, म्हणजे १८.३ मीटर. रुंदी साडेएकेचाळीस इंच. रोजच्या खेळासाठी साधारण पहिल्या ४० फुटांवर ऑइल घालतात. मशीन एका लेनवर २५ मिलिलिटर ऑइल घालतं असं धरू. ४० फूट गुणिले साडेएकेचाळीस इंच म्हणजे सुमारे १२.८ चौरस मीटर. भागाकार केला की ऑइलच्या थराची सरासरी जाडी निघते जेमतेम २ मायक्रॉन.

प्रत्यक्षात थर सारखा नसतो. मध्ये जाड, कडेला पातळ. पण मापाचा अंदाज येण्यापुरता आकडा पुरे आहे. आता दुसरी बाजू. अमेरिकेतली नियामक संस्था यूएसबीसी बॉलच्या पृष्ठभागाला आरए ५० मायक्रोइंचांपर्यंतच परवानगी देते. म्हणजे १.२७ मायक्रॉन. ऑइलचा थर आणि बॉलवरच्या चऱ्यांची उंची-खोली एकाच पट्टीवर बसतात! चरे जरा खोल केले तर उंचवटे थरातून खाली लेनला टेकतात आणि खाचांत ऑइल सरायला जागा होते. चरे उथळ केले की बॉल थरावरच सरकत राहतो. आत कोअर (बॉलच्या पोटातला गाभा) कुठला आणि कसा बसवलाय याच्यावर लोक तासन्‌तास बोलतात, पण २ मायक्रॉनच्या थरावर काय होणार ते सर्वात आधी ही वरची साल ठरवते. यूएसबीसीने बॉलच्या हालचालीचा जो मोठा अभ्यास केला होता त्यातही सर्वाधिक परिणाम करणाऱ्या घटकांत पृष्ठभागाचा खडबडीतपणा वरच्या रांगेत निघाला होता.

आणखी एक हिशेब. बॉलचा परीघ सुमारे २७ इंच. ताशी १७ मैल वेगाने निघालेला बॉल न घसरता गडगडायचा असेल तर त्याला मिनिटाला ६६५ फेरे घ्यावे लागतील. माझ्या हातून तो ३०० च्या आसपास फेऱ्यांनी सुटतो. म्हणजे सुटल्या क्षणापासून बॉल घसरत असतो आणि घर्षण हळूहळू त्याला गडगडण्याकडे ओढत नेतं. भौतिकशास्त्राच्या गणितात ऑइलवर घर्षणाचा गुणांक ०.०४ आणि कोरड्या लेनवर ०.२ धरतात. पाचपट फरक. घसरणं, वळणं आणि गडगडणं या तीन टप्प्यांपैकी पहिला कुठे संपवायचा, ते ठरवण्यासाठी फिनिश असतं.

२९ सप्टेंबर

मोजायचं कसं? ऑफिसातलं सुईवालं हँडहेल्ड यंत्र शनिवार-रविवारसाठी रीतसर सही करून आणलं. सुई पृष्ठभागावरून काही मिलिमीटर ओढली जाते आणि वरखाली होण्याचा आलेख निघतो.

पहिली अडचण गोलाईची. बॉलची त्रिज्या सुमारे १०८ मिलिमीटर. सुई ४ मिलिमीटर चालली की तेवढ्यात नुसत्या गोलाईमुळे मधला भाग टोकांपेक्षा साडेअठरा मायक्रॉन वर येतो. आपल्याला शोधायचे आहेत एखाद्या मायक्रॉनचे चरे. तेव्हा आधी आलेखातून वर्तुळाचा कंस वजा करायचा आणि मग ०.८ मिलिमीटरचा कटऑफ लावायचा, म्हणजे त्याहून लांबीचे चढउतार गाळायचे. बॉल हलू नये म्हणून पीव्हीसी पाइपचा आखूड तुकडा कापून त्यात बसवला आणि मोजायची जागा बरोबर माथ्यावर आणली. माथा थोडा जरी सरकला तरी आलेख तिरका येतो.

दुसरी अडचण सुईची. फेज टू आणि हाय-रोडची साल ज्याची असते ते रिअ‍ॅक्टिव्ह रेझिन तसं मऊ. एकाच रेघेवरून पुन्हा सुई नेली आणि उजेडात तिरकं धरून पाहिलं तर सुईची स्वतःची बारीक रेघ उमटलेली दिसली. म्हणून दाताचे डॉक्टर जे दोन भागांचं सिलिकॉन वापरतात ते आणलं. बॉलवर रुपयाएवढा ठिपका लावायचा, घट्ट झाला की सोलून काढायचा आणि हा साचा सपाट काचेवर चिकटवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा. प्रयोगशाळेत उजेडाने मोजणारं, स्पर्श न करणारं यंत्र आहे. आलेख तिथेच काढायचं ठरवलं.

साचा म्हणजे उलटी प्रत. बॉलवरची खाच साच्यात उंचवटा होते आणि उंचवट्याची खाच. पण आरएचा आकडा दोन्हींचा एकच येतो! मधल्या रेषेपासूनची सरासरी तफावत एवढंच आरए सांगतो. वर काय आणि खाली काय हे त्याला कळतच नाही. टोकदार शिखरांचं पठार आणि खोल खाचांचं पठार आरएच्या लेखी सारखंच. बॉलच्या बाबतीत तर सगळा फरक तिथेच आहे, कारण लेनला टेकतात ती शिखरं आणि ऑइल जिरतं ते खाचांत. यापुढे आरएबरोबर आरपीके, आरके आणि आरव्हीके हेही लिहायचे, म्हणजे वरची शिखरं, मधला गाभा आणि खालच्या खाचा वेगवेगळ्या.

वहीत मायक्रॉनचे आकडे नुसते ठेवत नाही. प्रत्येक बॉलचं पहिलं वाचन १०० धरून पुढची सगळी वाचनं त्याच्या प्रमाणात लिहितो. यंत्र, सुई, कटऑफ बदलला की आकडा बदलतो, आणि माझे आकडे दुसऱ्याच्या आकड्यांशेजारी मांडले तर दोघांचीही दिशाभूल होईल.

६ ऑक्टोबर

नव्या फेज टूचे साचे घेतले: बोटांच्या भोकांजवळ, खालच्या बाजूला आणि ट्रॅक, म्हणजे बॉल लेनला टेकत धावतो तो पट्टा, पडेल तिथे. तिन्ही जागांची वाचनं एकमेकांच्या जवळ आहेत. कारखान्याचं काम एकसारखं आहे, हे मनापासून आवडलं. चरे कुठल्या एका दिशेने नाहीत, सगळीकडून एकमेकांना छेदतात.

२० ऑक्टोबर

दर आठवड्याला लीगनंतर बॉल पुसून त्याच जागांचे साचे घेतोय. आज सगळे आलेख एकाखाली एक लावले.

फेज टूच्या ट्रॅकवरचा खडबडीतपणा पहिल्याच संध्याकाळी सर्वात जास्त उतरला. पुढचा उतार संथ आहे. आज तो मूळच्या निम्म्याच्या आसपास आलाय. बोटांच्या भोकांजवळ मात्र, जिथे बॉल लेनला टेकत नाही, कारखान्याचं फिनिश जवळपास होतं तसंच आहे. एकाच बॉलवर दोन वेगवेगळी फिनिश! खिडकीपाशी बॉल फिरवला की नुसत्या डोळ्यांनी दिसतं. ट्रॅकचा पट्टा ओलसर चमकतो, बाकीचा बॉल मॅट. बॉल धावताना त्याचा अक्ष सरकत जातो म्हणून ऑइलची वर्तुळं एकावर एक न पडता शेजारी शेजारी पडतात. दोन ठिकाणी मात्र ती सगळी एकमेकांना छेदतात. तिथे चमक सर्वाधिक, कारण तिथे प्रत्येक फेऱ्याला घासणं होतंच.

इथले लोक याला 'लेन शाइन' म्हणतात. आलेखात ते स्पष्ट दिसतं. आरपीके कोसळलाय, आरव्हीके फारसा हललेला नाही. म्हणजे शिखरं झिजली, खाचा तशाच राहिल्या. साध्या आरएवरून हे कधीच कळलं नसतं.

हाय-रोडचं उलटं चाललंय. त्याची चकाकी हळूहळू मंदावते आहे. लेनवरची धूळ, बॉल परत आणणारा पट्टा, पिनांमागचा खड्डा, सगळीकडे बारीक ओरखडे पडतात. मॅट बॉल गुळगुळीत होत जातो आणि चकचकीत बॉल खडबडीत. दोघं मधल्या कुठल्यातरी अवस्थेकडे निघालेत. तेव्हा माहितीपत्रकातला आकडा हा बॉलचा स्थायी गुण समजू नये. ती सुरुवातीची स्थिती आहे आणि रिअ‍ॅक्टिव्ह बॉलवर ती फार थोडे गेम टिकते. चार महिने वापरलेल्या बॉलबद्दल 'हा ३००० चा आहे' असं कोणी म्हणालं तर मी विचारीन, शेवटचं पॅड कधी फिरवलंत?

२७ ऑक्टोबर

संघातल्या एका मित्राच्या बॉलवर '५०० सियाएअर आणि क्राउन फॅक्टरी कंपाउंड' असं फिनिश आहे. बॉल नवा, अजून लेनवर गेलेला नाही. त्याची परवानगी घेऊन साचा घेतला आणि हाय-रोडच्या, ट्रॅकबाहेरच्या साच्याशेजारी ठेवला. डोळ्यांना दोन्ही चकचकीत. ट्यूबलाइटचं प्रतिबिंब दोन्हींत दिसतं, मित्राच्या बॉलमध्ये कडा किंचित धूसर. पण आलेख पाहिला आणि थबकलो. हाय-रोडचा पृष्ठभाग सगळीकडून उथळ. मित्राच्या बॉलवर वरचा भाग सपाट आणि त्यात मधूनमधून खोल खाचा. ५०० च्या पॅडने पाडलेले चरे कंपाउंडने भरून निघत नाहीत, त्यांचे फक्त कडांचे माथे घासले जातात.

आलेखाचा फोटो भोसरीच्या माझ्या जुन्या वरिष्ठांना पाठवला. रात्री त्यांचा फोन.

"अरे, हे सिलिंडर लायनरचं आहे का?"

"नाही सर, बोलिंगच्या बॉलचं."

"काय सांगतोस! हे तर सरळ सरळ प्लॅटो होनिंग आहे. आधी जाड दगड, मग बारीक दगडाने माथे मारायचे. खाचांत ऑइल राहतं."

"बॉलवर उलटा उपयोग आहे सर. खाचांत ऑइल जावं आणि सपाट माथा लेनला टेकावा."

"मग आरए बघत बसू नकोस. बेअरिंग कर्व्ह काढ."

सरांचं म्हणणं पटलं. पृष्ठभाग वरून किती खोलीपर्यंत किती टक्के भरीव आहे हे तो कर्व्ह दाखवतो. इंजिनाच्या सिलिंडरसारख्या पृष्ठभागांसाठी हे सगळं आधी आयएसओ १३५६५ मध्ये लिहून ठेवलेलं होतं, २०२१ पासून ते आयएसओ २१९२० मध्ये आहे. तेच माप बॉलला लावता येतं आणि लावायला हवं. '५०० वर कंपाउंड' आणि '१५०० पॉलिश्ड' हे दोन बॉल एकाच शब्दात 'चकचकीत' म्हणून विकले जातात, लेनवर मात्र पहिला लवकर जमिनीला लागतो. मित्राचा अनुभवही तोच आहे. चमक असूनही त्याचा बॉल अपेक्षेपेक्षा आधी वळतो असं तो याआधीच्या, अशाच फिनिशच्या बॉलबद्दल सांगत होता.

३ नोव्हेंबर

आता कारखान्याचं फिनिश घरी परत आणता येतं का ते पाहायचं. गराजमध्ये स्पिनर आहे: मोटर, वर वाटी, वाटीत बॉल. फिरत्या बॉलवर ओलं पॅड तळहाताने दाबायचं, ठरावीक वेळाने बॉल फिरवून दुसरी बाजू वर आणायची.

फेज टूवर फक्त ३००० चं पॅड फिरवलं तेव्हा ट्रॅक आणि बाकीचा भाग यांतला फरक पुसलाच गेला नाही. हे अपेक्षित होतं, ३००० चा कण तेवढं मटेरिअल काढूच शकत नाही. मग ५०० पासून सुरुवात केली. ट्रॅकची सीमा दिसेनाशी होईपर्यंत ५००, नंतर १०००, २००० आणि शेवटी ३०००. प्रत्येक पायरीनंतर बॉल धुवायचा, नाहीतर मागच्या पॅडचा सुटलेला एखादा कण पुढच्या पायरीत खोल चरा पाडतो.

साचा पाहिला. आरए कारखान्याच्या जवळ आलाय. पण चऱ्यांची रचना वेगळी आहे. स्पिनरवर वाटीभोवतीची वर्तुळं उमटतात, बॉल कितीही वेळा फिरवला तरी त्या वर्तुळांचे गट दिसतात. प्रो शॉपवाल्यांना, म्हणजे बोलिंगचे बॉल विकणाऱ्या आणि घासून देणाऱ्या दुकानात, विचारलं. त्यांच्या मशीनमध्ये बॉल बंद पेटीत चारी बाजूंच्या पॅड्समध्ये सतत दिशा बदलत फिरतो, म्हणून चरे सर्व दिशांना पडतात. त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, ती मोलाची वाटली. नवं ५०० चं पॅड आणि बरेच बॉल घासून झालेलं ५०० चं पॅड ही दोन वेगळी पॅड्स समजावीत. कणांच्या धारा मोडतात, फोम दबतो, खाचा रेझिनच्या भुकटीने भरतात. ते प्रत्येक पॅडच्या पाठीवर मार्करने काड्या मारून ठेवतात. मीही आजपासून तसंच करतोय. शिवाय हाताचा दाब, पाणी, वेळ, स्पिनरचा वेग हे सगळंच पृष्ठभागात उतरतं. यातलं काहीच '३०००' या आकड्यात मावत नाही.

१० नोव्हेंबर

थोडा इतिहास, कारण नियम त्यातूनच आले. १९७३ साली पीबीए या व्यावसायिक बोलरांच्या संघटनेच्या दौऱ्यावर डॉन मॅक्यून यांनी सहा स्पर्धा जिंकल्या आणि ते वर्षातले सर्वोत्तम खेळाडू ठरले. पॉलिएस्टरचा बॉल रसायनात भिजवून त्याची साल मऊ करायची ही त्यांची युक्ती. मिथाइल इथाइल कीटोनसारखी ज्वलनशील द्रावकं तेव्हा त्यासाठी वापरत. त्यानंतर बॉलचा कठीणपणा ड्युरोमीटरने मोजून किमान मर्यादा घालण्यात आली. १९८० च्या दशकात युरेथेन आलं, १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला रिअ‍ॅक्टिव्ह रेझिन, आणि साल स्वतःच ऑइल शोषू लागली. बॉलचा वेग आणि हात तोच, वळण मात्र प्रत्येक पिढीत वाढत गेलं. आजही मान्यताप्राप्त लीगमध्ये गुणांचा खेळ सुरू झाला की बॉलला पॅड लावता येत नाही. जे घासायचं ते आधी.

२४ नोव्हेंबर

लेनवर पडताळा. सेंटर दुपारी रिकामं असतं, शेजारच्या दोन लेन्सवर ताजं ऑइल घालून मिळालं. फेज टू आधी ३००० वर, मग जागेवरच हाताने २००० चं पॅड फिरवून. बॉल टॉवेलवर ठेवून हाताने घासलं की चरे उथळ आणि कुठल्याही दिशेने पडतात, पण शिखरं ताजी होतात, आणि लेन शाइनने आधी गेलेली असतात ती शिखरंच. फरक लगेच दिसला. बॉल ऑइलमध्ये लवकर स्थिरावला, वळण आधी सुरू झालं, आणि शेवटच्या वीस फुटांत त्याची धार कमी झाली. खडबडीत बॉल जास्त वळतो असं सरसकट म्हणतात ते अपुरं आहे. तो आधी वळतो आणि आपली ताकद वाटेत खर्च करून पिनांपाशी पोचतो. चकचकीत बॉल ऑइलवर घसरतो, ताकद राखतो आणि कोरड्यात एकदम वळतो. कोरड्या लेनवर गुळगुळीत पृष्ठभाग जास्त क्षेत्रफळाने टेकतो, त्यामुळे तिथली त्याची पकडही कमी नसते.

यापुढचं ठरवलं ते असं. फेज टूसाठी लीगच्या आधी दर वेळी हाताने २००० चं ओलं पॅड, सगळ्या बॉलभर, ट्रॅकपुरतं नाही. महिन्यातून एकदा प्रो शॉपच्या मशीनवर ५०० पासून पूर्ण पायऱ्या. बॅगेतल्या कार्डावर तारीख, पॅड, पॅडवरच्या काड्या आणि त्यानंतरचे गेम. 'बॉल मेला' असं लोक म्हणतात तेव्हा पुष्कळदा या कार्डातली एखादी ओळ राहिलेली असते, असा माझा अंदाज आहे, आणि आमच्या संघातल्या सगळ्यांना मी तसं कार्ड करून देणार आहे.

हाय-रोड राहिला. त्याला आधी ५०० आणि वर कंपाउंड देऊन मित्राच्या बॉलसारखा पृष्ठभाग येतो का ते पाहायचं आहे. तसं केलं की कारखान्याचं मूळ १५०० पॉलिश कायमचं जाईल. म्हणून आधी ट्रॅकबाहेरचे आणखी साचे घेऊन, तारीख-जागा लिहून, धूळ लागणार नाही अशा डबीत ठेवायचे. सिलिकॉन संपलंय, ते मागवलं आहे. ते आल्यावर साचे, आणि त्यानंतरच पॅड.